आण्णांची डुक्कर फियाट

गोठ्यामागची पत्र्याची शेड पाडायची ठरली, तेव्हा आधी आतल्या वस्तूंची वाटणी झाली. मोडकं कडबाकुट्टी, दोन लोखंडी नांगर, बैलगाडीचं एक चाक, डिझेलची तीन पिंपं. सगळ्याला कुणाचं ना कुणाचं नाव लागलं. कोपऱ्यातल्या गाडीला मात्र कुणी नाव लावलं नाही.

दादा म्हणाला, "ती भंगारवाल्याला सांगितलीया. किलोवर नेतो म्हनलाय."

मी म्हटलं, "दादा, जरा थांबू की."

"आजून किती थांबायचं? अडतीस वर्सं थांबलीच हाय की ती."

हे २०२४ च्या संक्रांतीनंतरचं. जळोची आता बारामती नगरपरिषदेत गेलंय. जिथं आमच्या लहानपणी ज्वारीची ताटं डोक्याच्या वर जायची, तिथं आता प्लॉटचे दगड रोवलेले. आमची शेडही अशाच एका दगडाच्या आत सापडली. नाहीतर ती गाडी आणखी अडतीस वर्षं तशीच राहिली असती. तिच्या टपावर कोंबड्या बसायच्या, मागच्या सीटवर खताची पोती असायची आणि पुढच्या काचेला टेकून शेणकुटाची थप्पी रचलेली असायची. घरातल्या पोरांना ती गाडी आहे हेच माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी ते एक अडगळीचं कपाट होतं, चाकं असलेलं.

गाडी १९५८ सालची, फियाट ११००. लोक तिला 'डुक्कर फियाट' म्हणायचे. पुढचं नाक फुगीर, खाली वाकलेलं, समोरून बघितलं की खरंच रानडुक्कर उभं राहिल्यासारखं दिसायचं. तिचे पुढचे दरवाजे आताच्या गाड्यांच्या उलटे, म्हणजे मागून बिजागरी असलेले आणि पुढून उघडणारे. गियर खाली नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला. नऊवारी नेसलेल्या बाईला ह्या दरवाज्यातून बसायला फार सोपं जायचं. पाठ करायची, टेकायचं आणि पाय आत घ्यायचे. आमची आजी म्हणायची, "ही गाडी बायामानसाचा इचार करून केलीया."

आजीला ठाऊक नव्हतं, की ती गाडी इटलीतल्या तुरिनच्या लोकांनी केली होती. १९५३ च्या मार्चमध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ती पहिल्यांदा लोकांपुढं आली. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, ३६ अश्वशक्ती. तिलाच एक पळणारी बहीण होती, ११०० टीव्ही नावाची. टीव्ही म्हणजे दूरदर्शन नव्हे, 'तुरिस्मो व्हेलोचे', म्हणजे जोरात जाणारी. इंजिन त्याच मापाचं, पण ताकद सुमारे ५० अश्वशक्ती. १९५५ साली तर तिची दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स कारही निघाली. आज युरोपातले हौशी लोक तसली गाडी जपून जपून बाहेर काढतात. आमची मात्र घरंदाज बहीण. चार दरवाज्यांची, माणसं वाहणारी.

पण ही गाडी इटलीहून बोटीनं आलेली नाही. ती कुर्ल्याला तयार झाली आणि तिचं मूळ शोधत गेलं तर ते फिरून आमच्याच भागात येतं. बारामतीहून इंदापूरच्या रस्त्याला लागलं, भवानीनगर, सणसर, बेलवाडी, लासुर्णे मागं टाकलं, जंक्शनला आत वळलं, की वालचंदनगर. तीस-पस्तीस किलोमीटरचा पल्ला. वालचंद हिराचंद मूळ सोलापूरचे, जन्म १८८२ चा. आधी ते रेल्वेच्या कामांचे ठेकेदार, बोरघाटातले बोगदे खोदणारे. पुढं नीरेच्या डाव्या कालव्याचं पाणी धरून त्यांनी कळंबच्या माळावर ऊस लावला, साखर कारखाना उभा केला आणि त्या जागेलाच त्यांचं नाव पडलं. त्यांच्या आगबोटींची, विमान कारखान्याची गोष्ट पुस्तकांत येते. आमच्या कामाची गोष्ट मोटारीची आहे.

त्या काळात आपल्याकडं मोटारी जोडल्या जायच्या, केल्या जात नव्हत्या. जनरल मोटर्सनं १९२८ साली मुंबईत जोडणीचा कारखाना काढला, पाठोपाठ फोर्ड आली. पेट्यांतून सुटे भाग यायचे आणि इथं नटबोल्ट आवळायचे. मोटार इथंच घडली पाहिजे, असा आराखडा विश्वेश्वरय्यांनी १९३० च्या दशकात मांडला. वालचंद त्याच्यामागं लागले, पण इंग्रज सरकारनं काही दाद दिली नाही. शेवटी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी निघाली. आधी अमेरिकेच्या क्रायसलरशी करार होता, डॉज, डिसोटो, प्लिमथ ह्या गाड्यांचा. मग फियाटशी जमलं. पण ११०० ही गाडी जिनिव्हात दिसली आणि पुढच्याच महिन्यात, ८ एप्रिल १९५३ ला, वालचंद गेले. कुर्ल्यात ती १९५४ च्या सुमारास सुरू झाली. ज्या माणसानं एवढा खटाटोप केला, त्याला डुक्कर फियाट कुर्ल्याच्या दारातून बाहेर पडताना दिसली नाही.

त्याच सुमाराला सरकारनं ठरवलं, की ज्यांना इथं खरोखर गाडी बनवायची आहे त्यांनीच राहावं. फोर्ड आणि जनरल मोटर्सनी आपली जोडणी बंद केली. मग देशात मोटारी म्हणजे अँबेसिडर, फियाट आणि मद्रासची स्टँडर्ड. किमतीवर सरकारचा हात, किती गाड्या करायच्या ह्यावर सरकारचा हात. नाव नोंदवायचं आणि वर्षानुवर्षं वाट बघायची. त्यामुळं जुनी गाडी कुणी टाकून देत नव्हतं. ती एका दारातून दुसऱ्या दारात जायची, जशी बैलजोडी जाते.

आमच्या दारात ती तिसऱ्या घरून आली. आण्णा, म्हणजे आमचे वडील, तरुणपणी वालचंदनगरच्या वर्कशॉपमध्ये फिटरचं काम शिकलेले. पुढं गावी येऊन त्यांनी ऑइल इंजिनं दुरुस्त करायचा धंदा धरला. विहिरीवर इंजिन बसलं की आण्णांना सांगावा यायचा. सायकलच्या कॅरिअरला पान्यांची पिशवी बांधून ते पंधरा-वीस किलोमीटरवर जायचे. आमच्या तालुक्याचे दोन भाग. ज्याच्या रानात पाट आला तो बागायतदार, ज्याच्या रानापासून पाट लांब राहिला तो जिरायतदार. आम्ही दुसऱ्यांतले. पण आण्णांच्या हातातला पाना दोन्हीकडं चालायचा.

मग १९७२ चा दुष्काळ आला. विहिरींचे तळ दिसले. इंजिनं बंद, म्हणजे आण्णांचं कामही बंद. आई आणि थोरली आत्या खडी फोडायला जायच्या, आम्हा पोरांना सुकडी मिळायची. पाटाच्या पट्ट्यातल्या एका बागायतदाराकडं आण्णांची तीन वर्षांची मजुरी थकली होती. त्याच्या दारात ही फियाट उभी होती. त्यानं हात जोडले, म्हणाला, "पैका न्हाई, गाडी न्या. वरचं काय द्याल ते द्या." वैरणीवाचून आमचे बैल उभे राहीनात, ते तसेही विकायचेच होते. बैलांचे जे आले ते वर दिले आणि आण्णा गाडी घेऊन घरी आले. ज्या वर्षी गावात माणसाला भाकरी नव्हती, त्या वर्षी आमच्या दारात मोटार आली. लोक हसले. आई हसली नाही आणि रडलीही नाही. तिनं चाकावर पाणी घातलं आणि परत खडीवर गेली.

दुष्काळानं गाडी स्वस्त केली आणि वर्षभरात अरबांच्या लढाईनं ती महाग केली. १९७३ च्या शेवटी तेलाचे भाव जगभर भडकले, ते पेट्रोल पंपावरून थेट आमच्या ज्वारीच्या कणगीपर्यंत पोचले. तरी आण्णांनी गाडी सोडली नाही. इंजिनाच्या कामाला ती घेऊन जायचे. अडलेल्या बाया तिच्यातून बारामतीच्या दवाखान्यात गेल्या. त्यांतल्या दोघींची पोरं वाटेतच, मागच्या सीटवर झाली. आषाढात तुकोबांची पालखी बारामतीहून सणसरकडं निघाली की आण्णा गाडी घेऊन मागं राहायचे आणि पाय सुजलेल्या म्हाताऱ्या वारकऱ्यांना पुढच्या मुक्कामाला सोडायचे. ह्यातल्या कशाचेही पैसे त्यांनी घेतले नाहीत. त्यांना मान मिळत होता. जिरायतीतल्या फिटरला लोक 'गाडीवाले आण्णा' म्हणत होते.

ह्या मानाची किंमत कुणी भरली, ते मला फार उशिरा कळलं.

दादा आणि गाडी एकाच सालचे, १९५८ चे. दादा मॅट्रिक झाला, बारामतीच्या कॉलेजात त्यानं नावही घातलं. त्याच वर्षी गाडीचं इंजिन तेल जाळायला लागलं. बोअर करायचं, नवे पिस्टन, नव्या रिंगा, बेअरिंगं. आण्णांनी काम पुण्याहून करून आणलं. दिवाळीनंतर दादा कॉलेजात परत गेला नाही. घरात कुणी काही बोललं नाही. दादानं औत धरलं. सहा वर्षांनी माझी पाळी आली, तोवर हात जरा सुटला होता. मी शिकलो, मास्तर झालो, पेन्शनीत निघालो. मी आयुष्यभर समजत होतो, की दादाला शिक्षणाची गोडीच नव्हती.

त्या दिवशी शेडच्या दारात मी 'गाडी ठेवू, नीट करू' म्हटलं आणि दादा पहिल्यांदा बोलला.

"तुला आण्णांची आठवन वाटती ती. वाटू दे. माझं कालीज ह्या डुकरानं खाल्लंय."

मला उत्तर सुचलं नाही. भंगारवाल्याला त्यानं 'चार दिसांनी ये' म्हणून सांगितलं, एवढंच. ते माझ्यासाठी सांगितलं की त्याला स्वतःलाही ती जाताना बघवत नव्हती, हे मी विचारलं नाही.

कामाला मी आणि पुतण्या लागलो. पुतण्या एमआयडीसीत नोकरीला. इटलीच्या पियाजिओनं बारामतीच्या एमआयडीसीत २०१२ पासून व्हेस्पा काढायला घेतली. तेव्हापासून आमच्याकडच्या पोरांना इटलीचं काही अप्रूप नाही. त्यानं पहिलाच नियम घातला, "काका, चालू करायच्या नादाला लागायचं न्हाय. आधी बघायचं, मग सोडायचं, मग साफ करायचं." जुनी गाडी सापडली की माणूस बॅटरी लावून चावी फिरवतो आणि तिथंच घात करतो. वर्षानुवर्षं बसलेल्या इंजिनात रिंगा सिलिंडरला गंजून धरलेल्या असतात. जोर लावला की तुटतात.

पहिला दिवस नुसता पोती काढण्यात आणि फोटो काढण्यात गेला. प्रत्येक भागाचा सोडायच्या आधी एक फोटो, सोडल्यावर एक. नटबोल्ट पिशवीत, पिशवीवर चिठ्ठी. चार चाकं जमिनीत रुतली होती, ती जॅक लावून उचलली आणि खाली लाकडी ओंडके दिले. पेट्रोलच्या टाकीतून निघालं ते पेट्रोल नव्हतं, काकवीसारखं काहीतरी होतं आणि त्याला रोगणाचा वास होता. ब्रेकचे सिलिंडर जाम. वायरी उंदरांनी खाल्लेल्या. मागच्या सीटखाली एक फुटकी हिरवी बांगडी, ज्वारीचे दाणे आणि उसाच्या वजनाची एक पावती सापडली. तिच्यावरची शाई उडून गेलेली.

मग गंज. ह्या गाडीला बैलगाडीसारखी वेगळी साटी नाही. अंगचा पत्रा हीच तिची साटी. म्हणून गंज रंगावर आलाय का ह्याला महत्त्व नाही, तो तळाला आणि दरवाज्याखालच्या पट्टीला किती खोल गेलाय ह्याला आहे. पुतण्यानं हातात स्क्रू-ड्रायव्हर दिला आणि म्हणाला, "टोचत जा. टणक लागलं तर ऱ्हायलंय, आत गेलं तर गेलंय." मी टोचत गेलो. टप चांगला, बॉनेट चांगलं. खाली मात्र बोटाएवढा दांडा मुठीपर्यंत आत जायचा. लोखंड गंजलं की फुगतं, जागा जास्त मागतं, म्हणून रंग फोडासारखा वर येतो आणि पापुद्रे सुटतात. एरवी आमच्या कोरड्या हवेत गाडी एवढी खाल्ली जात नाही. पण तिच्या पोटात खताची पोती होती आणि बाजूला जनावरांचं मूत मुरत होतं. खतातला क्षार ओल धरून ठेवतो. गाडी पावसानं खाल्ली नव्हती. आम्हीच तिला खायला घातली होती.

सगळ्यात वाईट जागा निघाली ड्रायव्हरच्या पायाखाली. तिथं रबरी चटई उचलली, तर खाली गोडेतेलाचा डबा. म्हणजे डबा कापून, ठोकून सपाट केलेला पत्रा, रिव्हेट मारून बसवलेला, कडेनं डांबर भरलेलं. डब्यावरची पिवळी अक्षरं अजून वाचता येत होती. रिव्हेट एका ओळीत, सारख्या अंतरावर. ती आण्णांची ओळ होती. त्यांच्या हातचं काम मी कुठंही ओळखेन.

मी म्हटलं, "हे राहू द्यायचं."

पुतण्या म्हणाला, "काका, हेच आधी कापायला लागतंय." त्यानं ठिगळाच्या कडेला टोचून दाखवलं. वरचा डबा शाबूत होता, पण दोन पत्र्यांच्या मध्ये ओल अडकली होती आणि त्या ओलीनं खालचा मूळ पत्रा टीचभर आणखी लांब खाल्ला होता. ठिगळानं भोक झाकलं आणि रोग आत ढकलला. त्यावर नवा रंग मारला तर दोन वर्षांत गाडी तिथंच मोडली असती.

ह्यात एक सरकारी गोष्टही होती. २०२१ साली केंद्र सरकारनं जुन्या गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं झालेली, मूळ रूपात जपलेली, मोठी उलथापालथ न केलेली खासगी गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' ही अक्षरं येतात. नव्या नोंदणीला वीस हजार रुपये. रोजच्या वापराला ती चालत नाही, प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नेता येते. नियम ठीकच आहे. पण 'मूळ रूप' म्हणजे कुठलं? कुर्ल्याहून निघाली तेव्हाचं, की आमच्या दारात जगली तेव्हाचं? तुरिनच्या गाडीत तेलाचा डबा नव्हता. आमच्या गाडीत होता आणि त्याच डब्यावर पाय ठेवून आण्णांनी अडलेल्या बायांना दवाखान्यात पोचवलं होतं.

दोन दिवस काम थांबलं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी दादा आला. रोज तो लांब बाजेवर बसून बघायचा, त्या दिवशी जवळ आला आणि वाकून डब्याकडं बघत राहिला.

"ह्यो म्याच धरला हुता," तो म्हणाला. "कालीज सोडल्याच्या सालची गोष्ट. त्यांनी रिव्हेट मारलं, म्या खालून घन धरला. हाताला लागलं हुतं." त्यानं डाव्या हाताचं बोट दाखवलं. नखाशी जुनी खूण होती. ती खूण मी जवळजवळ पन्नास वर्षं बघत होतो आणि एकदाही विचारलं नव्हतं.

"त्या दिशी आण्णा काय म्हनलं म्हाईत हाय?"

"काय?"

"काय न्हाय. काम झाल्यावर रडलं. मला बघून नळीवर पानी प्याया गेलं."

थोड्या वेळानं तोच पुतण्याला म्हणाला, "काप त्ये. पर रिव्हेट मोडू नगं. एकेक घासून काढ."

दोन तास लागले. छत्तीस रिव्हेट निघाल्या. डबा अख्खा उतरला. तो आता शेडऐवजी घराच्या पडवीत भिंतीला टांगलाय, डांबरासकट. खालचा कुजलेला पत्रा कापून तिथं नव्या पत्र्याचं माप घेतलं. भंगारवाल्याला परत सांगावा गेला नाही.

पुढं काम किती चालेल ते सांगता येत नाही. पद्मिनी ह्याच घराण्यातली. तिचं उत्पादन २००० च्या सुमाराला थांबलं आणि मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. त्यामुळं इंजिनाचे बरेच भाग कुर्ल्याच्या जुन्या बाजारात अजून मिळतात. डुक्कर फियाटच्या नाकाचा पत्रा, दिव्यांच्या कडा, दरवाज्याची रबरं मात्र शोधावी लागतात, नाहीतर हातानं घडवावी लागतात. पैसे लागतील. ह्या वेळी कुणाच्या शिक्षणातून ते जाणार नाहीत, एवढं आम्ही ठरवून बसलोय. माझ्या पेन्शनीतून दरमहा ठरावीक रक्कम, ती संपली की काम पुढच्या महिन्यावर.

इंजिनाचं तेवढं सांगून थांबतो. जुनं तेल काढलं, चारही प्लग काढले आणि प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून ओतलं. आठ दिवस तसंच ठेवलं, रोज थोडं घालत राहिलो. नवव्या दिवशी गाडी ओंडक्यांवरून खाली घेतली, चौथ्या गियरमध्ये टाकली आणि पुढंमागं हलवायला लागलो. पुतण्या आणि मी मागं. काही होईना. गाडी नुसती डुलायची. दादा बाजेवरून उठला, धोतर वर खोचलं आणि डाव्या मडगार्डला खांदा लावला. सहासष्ट वर्षांचा माणूस, सहासष्ट वर्षांची गाडी.

"हां, आता एकदम."

तिसऱ्या रेट्याला आत कुठंतरी 'टक्' झालं. बोनेटखालचा पंखा बोटभर फिरला आणि थांबला. परत रेटलं, परत बोटभर. चौथ्या प्लगच्या भोकातून काळं तेल उडालं ते दादाच्या सदऱ्यावर.

त्यानं सदऱ्याकडं बघितलं. "मेली न्हवती तर," एवढंच म्हणाला आणि हात पुसायला चिंधी मागितली.